‘ब्लुई’चे संगीत : लहान मुलांचे आणि त्यांच्या घरच्यांचेही

‘ब्लुई’ या ऑस्ट्रेलियन अ‍ॅनिमेशन मालिकेच्या संगीताचे २०२१, २०२३ आणि २०२४ या वर्षांत आलेले तीन अल्बम हा या परीक्षणाचा विषय आहे. मात्र हे संगीत ज्या प्रसंगांसाठी रचले गेले ते प्रसंग बाजूला ठेवून त्याबद्दल बोलता येत नाही, म्हणून मालिकेतील काही भागांविषयीही येथे सविस्तर लिहिले आहे. माझे मत आरंभीच सांगते. लहान मुलांच्या घरात अलीकडे जे नवे संगीत पोहोचले, त्यांपैकी मुलांनी आणि मोठ्यांनी एकाच खोलीत बसून, कोणालाही मन मारावे न लागता ऐकावे, असे याच्या तोडीचे दुसरे काही माझ्या ऐकण्यात नाही. श्रोता लहान आहे म्हणून संगीत पातळ करावे, असे या संगीतकारांना कोठेही वाटलेले दिसत नाही, आणि मला या कामाचे सर्वांत मोठे मोल त्यातच वाटते.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. जो ब्रम यांनी निर्माण केलेली ही मालिका ब्रिस्बेनच्या लुडो स्टुडिओत तयार होते आणि १ ऑक्टोबर २०१८ पासून ती ऑस्ट्रेलियाच्या एबीसी किड्स या वाहिनीवर दिसू लागली. हीलर जातीच्या कुत्र्यांचे एक चौकोनी कुटुंब तिच्या केंद्रस्थानी आहे: मालिकेच्या सुरुवातीला सहा वर्षांची असलेली ब्लुई, तिची तेव्हा चार वर्षांची धाकटी बहीण बिंगो, बाबा बँडिट आणि आई चिली. एकेक भाग सुमारे सात मिनिटांचा असतो आणि बहुतेक भागांत मुलांनी मांडलेला एखादा खेळ आणि त्या खेळात ओढले गेलेले आईबाबा एवढेच कथानक असते. २०१९ मध्ये डिस्नीने ऑस्ट्रेलियाबाहेरच्या बहुतेक देशांसाठी प्रक्षेपणाचे हक्क घेतल्यावर ती जगभर गेली. एकट्या अमेरिकेत २०२४ या एका वर्षात ती ५,५६२ कोटी मिनिटे पाहिली गेली, आणि त्या वर्षी तेथे ऑनलाइन मंचांवर इतका वेळ दुसरी कोणतीही मालिका पाहिली गेली नाही. संगीताची जबाबदारी जॉफ बुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे आहे.

मुलांच्या मालिकांत सहसा मोजक्या धुना एकदाच तयार करून ठेवतात आणि आनंदाच्या प्रसंगाला एक, धावपळीला दुसरी, अशा त्या प्रत्येक भागात फिरवून वापरतात. ‘ब्लुई’त तसे होत नाही, त्या त्या भागाचा विषय पाहून संगीत नव्याने बांधले जाते. सात मिनिटांच्या कथेला चित्रपटासारखे स्वतंत्र पार्श्वसंगीत देणे हे खर्चाचे आणि कष्टाचे काम आहे, आणि ते केल्यामुळेच हे अल्बम चित्राविनाही उभे राहू शकतात.

शीर्षकसंगीतापासूनच याची खूण पटते. आपल्याकडची मुले वाढदिवसाला ‘स्टॅच्यू’ खेळतात, म्हणजे गाणे चालू असेपर्यंत नाचायचे आणि थांबले की जागच्या जागी थिजायचे, तोच खेळ हीलर कुटुंब शीर्षकात खेळत असते. धून थांबते, एकाचे नाव पुकारले जाते, धून पुन्हा सुरू होते. तोंडाने फुंकून वाजवायच्या मेलोडिकाचा किंचित चिरका, घरगुती आवाज या धुनेला आहे. एखाद्या खोलीत कोणीतरी खरोखर वाद्य हातात घेऊन बसले आहे असे तो ऐकताना वाटते. या अर्ध्या मिनिटात सर्वांत मोलाचे असतात ते विराम. दोन-अडीच वर्षांचे मूल ही धून काही वेळा ऐकल्यावर विरामाची वाट पाहू लागते, तो येण्याआधीच अंग आवरून धरते आणि सूर परतला की मोकळे होते. थांबणे हाही संगीताचाच भाग आहे, ही गोष्ट त्याला कोणी शिकवत नाही. ती त्याच्या अंगात उतरते. आपल्याकडे समेची वाट पाहणारा श्रोता जी उत्कंठा अनुभवतो तिचेच हे बालरूप आहे, असे मी म्हणेन.

पहिला अल्बम जानेवारी २०२१ मध्ये आला आणि ऑस्ट्रेलियाच्या अधिकृत अल्बम यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. मुलांसाठीच्या अल्बमने त्या यादीत अव्वल स्थान मिळवण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि त्याच वर्षी त्याला ऑस्ट्रेलियन संगीत उद्योगाचा, म्हणजे ‘एरिया’चा, सर्वोत्कृष्ट बालअल्बमचा पुरस्कारही मिळाला. यातील ‘कीपी अपी’ हा तुकडा फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही या खेळाचा आहे, आणि तो लावला की घरात फुगा नसला तरी मुले हात वर करून धावू लागतात. ‘आय नो अ प्लेस’ हे ओढ्याचे गाणे मेगन वॉशिंग्टन यांनी गायले आहे. मालिकेत शिक्षिका कॅलिप्सोला आवाज देणाऱ्याही त्याच. ज्या भागाशी हे गाणे जोडलेले आहे त्यात बाबा मुलांना नेहमीच्या बागेऐवजी ओढ्यावर नेतात, ब्लुईला आधी तेथली झाडी आणि चिखल नकोसा वाटतो, आणि हळूहळू ती त्या जागेत रमते. गाण्याची चालही तशीच सावकाश उलगडत जाते. मुलांच्या गाण्यात शांतपणा क्वचितच सापडतो, आणि येथे तो पुरेपूर आहे. रात्रीच्या जेवणानंतर, दिवे मंद करून लावावे असे हे गाणे आहे.

आता मालिकेतील त्या भागांकडे वळते ज्यांच्यात युरोपीय अभिजात संगीत वापरले आहे, कारण या संगीतकारांची समज तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. पहिल्याच भागात मोत्सार्टचा ‘रोंडो आला तुर्का’ ऐकू येतो. कथा एका जादूच्या झायलोफोनची आहे. तो वाजवला की समोरचा माणूस गोठतो, आणि तो आधी कोणी वाजवायचा यावरून बहिणींचे भांडण जुंपते. मोत्सार्टच्या त्या खोडकर, धावत्या रचनेशिवाय दुसरे काही तेथे शोभलेच नसते. ‘आइस्क्रीम’ या भागात दोघी बहिणींना एकमेकींच्या आइस्क्रीमची चव घ्यायची आहे, पण दुसरीने जास्त चाटू नये याची काळजीही आहे, आणि त्या वाटाघाटी चालू असताना आइस्क्रीम वितळत जाते. पार्श्वभूमीला चायकोव्हस्कीच्या १८९२ च्या ‘नटक्रॅकर’ नृत्यनाट्यातील फुलांचे वॉल्ट्झ आहे, आणि एवढ्याशा हट्टाला त्या भव्य नृत्यसंगीताने मोठ्या रंगमंचावरच्या प्रसंगाची शान येते. मुलांच्या दृष्टीने तो प्रसंग तेवढाच मोठा असतो, हे येथे संगीत सांगते.

‘बाइक’ या भागात ब्लुईला सायकल चालवायला जमत नाही म्हणून ती रुसून बाबांजवळ येऊन बसते. दोघे बाकावरून मैदानाकडे पाहत राहतात. बिंगोचे तोंड पाण्याच्या नळापर्यंत पोहोचत नाही, बेंटलीचे हात खेळण्याच्या दांडीला लागत नाहीत, छोट्या मफिनला पाठीवर दप्तर चढवता येत नाही. तिघी पुन्हापुन्हा प्रयत्न करतात, रडकुंडीला येतात, पुन्हा उठतात. येथे बेटोव्हनच्या नवव्या सिम्फनीतील आनंदगीताची धून आहे. ही धून जगात इतक्या ठिकाणी वाजून गुळगुळीत झाली आहे की तिच्यात पुन्हा प्राण फुंकणे कठीण. पण चार वर्षांच्या मुलीचे ओठ अखेर नळाच्या पाण्याला लागतात त्या क्षणी ती भरून येते, तेव्हा १८२४ मध्ये लिहिलेले ते संगीत याच प्रसंगासाठी लिहिले होते की काय असे वाटते. मुलांना यातून बेटोव्हनचे नाव कळत नाही आणि कळायची गरजही नाही. पुढे कधीतरी ती धून कानावर पडेल तेव्हा तिच्याशी जोडलेली एक खरी भावना त्यांच्याजवळ आधीच असेल, आणि संगीताच्या शिक्षणाची याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

या सर्वांच्या वर मी ‘स्लीपीटाइम’ हा भाग ठेवते. बिंगोने ठरवले आहे की आज मोठ्या मुलीसारखे आपल्याच पलंगावर रात्रभर झोपायचे. झोप लागताच ती आपल्या कापडी सशाला, फ्लॉपीला, घेऊन अवकाशात जाते, ग्रहांवरून तरंगत राहते. इकडे प्रत्यक्ष घरात मात्र पाणी मागणे, पलंग बदलणे, कोणाच्या तरी लाथेने कोणीतरी जागे होणे हे सगळे नेहमीचे नाट्य चालू असते. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्या कोणालाही ही रात्र अनोळखी वाटणार नाही. संगीत आहे गुस्ताव होल्स्ट यांच्या ‘द प्लॅनेट्स’ या १९१४ ते १९१७ या काळात रचलेल्या वाद्यवृंदरचनेतील ‘ज्युपिटर’चे. त्यातील मधली धीरगंभीर, प्रार्थनेसारखी धून या भागाचा कणा आहे. शेवटी फ्लॉपी आपल्या वाटेने जातो, बिंगो एकटी पडते, थंडीने कुडकुडते आणि सूर्याच्या दिशेने निघते. तो सूर्य म्हणजे आई आहे, हे शब्दांत फारसे सांगावे लागत नाही. आपण दिसलो नाही तरी कायम असूच, एवढेच आश्वासन आईच्या आवाजात येते आणि पूर्ण वाद्यवृंद ती धून उचलून धरतो. मुले हा भाग ग्रहांसाठी पाहतात. माझ्या ओळखीच्या ज्या ज्या आयांनी तो पाहिला त्यांचे डोळे मात्र भरून आले. दोघांनाही आपापल्या वयाचे काहीतरी द्यायचे आणि तरी कथा एकच ठेवायची, हे मोठ्या लेखकांनाही कठीण जाते.

अभिजात रचना उसन्या घेतल्या म्हणजे काम सोपे झाले, असे कोणी म्हणेल. त्यांनी ‘रेन’ हा भाग जरूर पाहावा. यात संवाद जवळजवळ नाहीत. पाऊस पडतो आहे, अंगणातल्या वाटेवरून पाणी वाहते आहे, आणि ब्लुईला ते कसेही करून अडवायचे आहे. आई आधी ओल्या पायांनी घरात येण्याबद्दल रागावते, फरशी पुसत राहते, आणि शेवटी स्वतःच लेकीशेजारी पावसात येऊन बसते. ही कथा संगीतानेच सांगायची होती, आणि तिच्यासाठी रचलेले ‘बोल्डली इन द प्रिटेंड’ हे मूळ गाणे २०२३ च्या ‘डान्स मोड’ या दुसऱ्या अल्बममध्ये आहे. पाण्याचा ओघ, मुलीची धडपड आणि आईचा विरघळता राग यांना तीन वेगळे रंग न देता संगीतकारांनी एकाच वाढत जाणाऱ्या सुरावटीत गुंफले आहे. ज्या आजी-आजोबांना ऑस्ट्रेलियन इंग्रजी समजत नाही त्यांनी नातवंडांबरोबर पाहण्याचा हा पहिला भाग असावा.

या शांतपणाचे महत्त्व मी पुन्हापुन्हा सांगते आहे, कारण मोबाइलवर मुलांसमोर एरवी जे येते त्यात तो अजिबात नसतो. कोणताही बालगीतांचा व्हिडिओ उघडावा: ठोका पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत त्याच जोराचा, आवाज सतत वरच्या पट्टीत, दर दोन-तीन सेकंदांनी बदलणारे चित्र, आणि एक गाणे संपायच्या आत पुढचे आपोआप सुरू होते. मूल त्यात हरवते आणि आपण त्याला गाणे आवडले असे समजतो. ‘ब्लुई’चे गाणे मात्र ऐकून झाल्यावर मूल उठते आणि खेळायला लागते. पडद्यावरचे संगीत मुलाला पडद्यापासून दूर नेते की त्याला तेथेच खिळवून ठेवते, हा प्रश्न मुलांच्या कोणत्याही नव्या संगीताला विचारावा असे मला वाटते.

दुसऱ्या अल्बमला ज्या भागाचे नाव दिले आहे त्याबद्दलही लिहायला हवे. ‘डान्स मोड’मध्ये बिंगोने जपून ठेवलेला शेवटचा चिप्सचा तुकडा बाबा खाऊन टाकतात, आणि त्याची भरपाई म्हणून तिला तीन वेळा कोणालाही, कोठेही नाचायला लावण्याचा अधिकार मिळतो. मग तो अधिकार घरातील इतर जण तिच्याकडून एकेक करून मागून घेतात आणि ती प्रत्येक वेळी होकार देत जाते. तोंडाने हो म्हणणाऱ्या मुलीच्या मनात नाही होते, हे मोठ्यांच्या फार उशिरा ध्यानात येते. धाकट्या मुलांच्या समजूतदारपणाचा घरातील सगळे किती सहज गैरफायदा घेतात, हे इतक्या हसऱ्या, थिरकत्या संगीताच्या आडून सांगितलेले मी दुसरीकडे पाहिले नाही. त्या भागानंतर आमच्या घरी धाकट्याला काही मागण्यापूर्वी ‘खरंच चालेल का?’ असे विचारण्याची पद्धत पडली.

मराठी वाचकाला एका भागाचे विशेष अप्रूप वाटेल. बिंगो आजारी पडून रुग्णालयात असते, म्हणून ब्लुई आणि बाबा तिच्यासाठी घरीच एक छोटी चित्रफीत करतात. त्या गोष्टीतील बाईचे पिल्लू आजारी आहे आणि वृद्ध ज्ञानी कुत्रा तिला सांगतो की जे कधीच आजारी पडलेले नाही अशा कोणाकडून जांभळी चड्डी घेऊन ये. ती दारोदार फिरते, आणि आजार न अनुभवलेले कोणीच नाही हे तिला उमगते. माझ्या सासूबाई शेजारी बसून पाहत होत्या. त्यांनी दुसऱ्या दारावरच सांगून टाकले की ही तर किसा गौतमीची गोष्ट. खरोखरच, ज्या घरात कधी मृत्यू झाला नाही अशा घरून मोहरी आणायला सांगणाऱ्या तथागतांची ती कथा या भागाचा पाया आहे. मृत्यूऐवजी आजार आणि मोहरीऐवजी जांभळी चड्डी एवढा बदल करून ती चार वर्षांच्या मुलांच्या हातात दिली आहे. गोष्टीतला गाभा मात्र सांडलेला नाही. महाराष्ट्रात ही कथा असंख्य घरांत श्रद्धेने सांगितली जाते, त्यामुळे काहींना हा विनोदी पेहराव खटकू शकेल याची मला जाणीव आहे. माझ्या मते त्यामागचा हेतू निर्मळ आहे.

उणिवाही आहेत. अल्बम म्हणून ऐकताना पहिली अडचण जाणवते ती ही की अनेक तुकडे मुळात पार्श्वसंगीत आहेत. काही फार लवकर संपतात आणि प्रसंग ठाऊक नसेल तर अर्धवट तुटल्यासारखे वाटतात. सोबत म्हणता येतील अशी शब्दांची गाणी त्या मानाने थोडी आहेत, त्यामुळे टाळ्या वाजवत गाण्याची सवय असलेल्या मुलांची सुरुवातीला निराशा होते. संवादांचा वेग आणि क्वीन्सलँडची बोली हा आपल्याकडच्या मुलांपुढचा दुसरा अडसर आहे; घरात मराठी बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला पहिल्या पाहण्यात निम्मे संवाद कळत नाहीत आणि शेजारी कोणीतरी मोठे माणूस बसलेले असावेच लागते. हीलर कुटुंबाचे प्रशस्त घर, मागचे अंगण, समोरची मोकळी मैदाने हे सगळे मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या मुलाला परीकथेसारखे वाटते, आणि कधीही खेळायला तयार असलेला बाबा पाहून ‘आपले बाबा असे का नाहीत?’ हा प्रश्न येतो. मालिकेत तो बाबाही थकतो, टाळाटाळ करतो, चुकतो, पण मुलांच्या लक्षात राहतो तो त्याचा खेळच. काही ठिकाणचे पादण्या-ढेकरांचे विनोद सर्वच आजी-आजोबांना रुचतील असे नाही. खेळणी, कपडे, डबे, दप्तरे यांचा जो बाजार मालिकेभोवती उभा राहिला आहे त्यापासून मुलांना दूर ठेवणे हे काम पालकांनाच करावे लागते.

हे अल्बम ऐकताना मला मराठी बालगीतांची आठवण येणे अपरिहार्य होते. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटासाठी ‘नाच रे मोरा’ तयार झाले तेव्हा शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची आणि आवाज आशा भोसले यांचा होता. म्हणजे त्या काळी आपल्याकडे जे सर्वोत्तम होते ते मुलांच्या गाण्यासाठी वापरले गेले. पुढे मंगेश पाडगावकरांच्या शब्दांना मीना खडीकरांनी मुलांच्याच आवाजात चाल दिली आणि भोलानाथाला पावसाबद्दल विचारणारे ते गाणे आजही पहिल्या पावसात प्रत्येक शाळेत गायले जाते. मोठ्यांसाठी लिहिणारे, गाणारे, चाली बांधणारे लोक मुलांसाठीही त्याच निष्ठेने काम करत, ही आपलीच रीत होती. आज ऑनलाइन मराठी बालगीते म्हणून जे मिळते त्यात बहुधा तीच जुनी गाणी असतात, एकाच संगणकीय ठेक्यावर पुन्हा ध्वनिमुद्रित केलेली, मूळ चालीतील हरकती काढून सपाट केलेली, आणि त्यावर कोणत्याही भाषेला चालतील अशी चित्रे चिकटवलेली; गीतकार-संगीतकारांची नावेही अनेकदा दिलेली नसतात. मराठीत आज उत्तम संगीतकार आहेत, उत्तम अ‍ॅनिमेशन करणारे तरुण आहेत. ब्रिस्बेनसारख्या एका शहरातील स्टुडिओ आपल्याच गल्लीतल्या गोष्टी आपल्याच बोलीत सांगून जगभर पोहोचू शकतो, तर कोकणातल्या पागोळ्या आणि विदर्भातल्या उन्हाळी सुट्टीला स्वतःचे वाद्यसंगीत मिळायला काहीच हरकत नाही. ते मिळावे असे मला मनापासून वाटते.

आणखी एका गोष्टीसाठी निर्मात्यांचे कौतुक करायला हवे. बँडिटचा आवाज डेव्हिड मॅककॉर्मॅक यांचा आहे, जे ब्रिस्बेनच्याच ‘कस्टर्ड’ या बँडचे गायक आहेत, आणि चिलीचा आवाज मेलनी झॅनेटी यांचा. ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. पण ब्लुई, बिंगो आणि इतर बालपात्रांना आवाज देणाऱ्या मुलांची नावे श्रेयनामावलीत दिली जात नाहीत, त्यांची ओळख जपली जाते. आपल्या मुलांना रोज कॅमेऱ्यासमोर उभे करून प्रसिद्धी मिळवण्याच्या आजच्या काळात हा निर्णय मला फार आदराचा वाटतो.

वापराविषयी थोडे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा पुरेसा मानला आणि त्याहून कमी असल्यास उत्तम असे म्हटले. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना पडदा टाळावा आणि पुढे पाच वर्षांपर्यंत तो एका तासाच्या आत ठेवावा असेच सुचवले. सात मिनिटांचे भाग या मर्यादेत सहज बसतात, मात्र पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय आधी बंद करून ठेवावी. अल्बमला ही मर्यादा नाही. ते स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक यांसारख्या सेवांवर मिळतात, आणि मोबाइल उलटा ठेवून साध्या स्पीकरवर लावले तर मुलांचे लक्ष आवाजावरच राहते.

तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांसाठी पहिल्या अल्बमपासून सुरुवात करावी, त्यातही लांबवलेले शीर्षकसंगीत आणि फुग्याचा खेळ आधी. याच अल्बममध्ये वेगवेगळ्या वाद्यांवर फिरणारे शीर्षकसंगीताचे आणखी एक रूप आहे. वाद्यांचे आवाज ओळखायला लावण्यासाठी ते उत्तम आहे आणि गाडीतल्या प्रवासात मोठेही त्यात भाग घेतात. चार-पाच वर्षांच्या मुलांनी दुसरा अल्बम ऐकावा, पण ‘रेन’ आधी पाहावा आणि मग त्याचे गाणे लावावे. ‘रग आयलंड’ हा तिसरा अल्बम ज्या भागाच्या नावाने आला आहे, त्यात मुले केवळ स्केचपेनांच्या जोरावर सतरंजीचे बेट करून बसतात. तो खेळ आपल्या घरी मांडायचा असेल तर जुनी, सुकलेली स्केचपेनेही पुरतात, आणि अल्बम तेव्हा मागे हळू आवाजात चालू ठेवावा.